पठारावरची आंबेहळद

सांगली, १८ जून २०२५

दादा,

कागदावर लिहिते आहे आणि स्पीड पोस्टाने पाठवते आहे. मेल केले तर ते तुला 'मिळत नाहीत'. व्हॉट्सॲपवर तू हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळा होतोस. फोनवर इतकं गोड बोलतोस की ठेवल्यावर मला साबणाने हात धुवावेसे वाटतात. पोस्टमनला निदान सही तरी द्यावी लागते.

काल क्रांती माझ्या घरी आली, विट्याहून एसटीने, मांडीवर प्रबंधाची प्रत घेऊन. चौथ्या प्रकरणाच्या प्रत्येक पानावर तू तिरकी रेघ मारली आहेस आणि शेवटी लिहिलं आहेस, 'अनावश्यक. वगळणे. मग सही.' ही मुलगी वनस्पतिशास्त्रात तुझी विद्यार्थिनी आणि गणितापुरती माझी. पाच वर्षं ती तुझ्या साताऱ्यातून माझ्या सांगलीत आणि इथून परत तिकडे हेलपाटे घालते आहे. त्यातली तीन वर्षं ज्या प्रकरणात गेली तेच तुला अनावश्यक वाटतं. का वाटतं ते तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. तरी लिहिते, म्हणजे नंतर 'मला कोणी नीट समजावलंच नाही' असं म्हणायला जागा राहायला नको.

सहा वर्षांपूर्वी तू भैरोबाच्या पठारावर एक हळद शोधलीस. पानं तिथल्या रानहळदीसारखी, गड्डा मोडला की कैरीचा वास. नवी प्रजाती म्हणून जाहीर केलीस आणि तिला बाबांचं नाव दिलंस, कर्क्युमा विष्णुपंती. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर बाबांचा कोटातला फोटो होता आणि तुझा त्याच्या दुप्पट. मी पेढे वाटले. खरंच वाटले, आनंदाने.

क्रांतीला आपण काम काय दिलं होतं? या हळदीची वंशावळ काढ. आता वंशावळ काढायची म्हणजे प्रत्येक जनुकाला स्वतंत्रपणे विचारायचं, की बाबा रे, तुझं जवळचं नातं कोणाशी? सगळी जनुकं एकच उत्तर देत नाहीत. कोणत्याही खऱ्या प्रजातीत देत नाहीत. जुन्या पूर्वजातले दोन-चार प्रकार पुढे वाटले जाताना उलटसुलट होतात, आणि काही जनुकं भलत्याच नातेवाइकाकडे बोट दाखवतात. पण तो निव्वळ योगायोग असेल, तर भलत्या उत्तरांचे जे दोन प्रकार संभवतात ते साधारण सारखेच पडतात, कारण योगायोगाला कोणी लाडकं नसतं. इथे काय झालं? क्रांतीने प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती वेगळ्या करून पाहिल्या. निम्म्या रानहळदीकडे गेल्या, निम्म्या आंबेहळदीकडे, आणि तिसरं उत्तर जवळजवळ कोणीच दिलं नाही. प्रत्येक रोपात तेच. एक प्रत इकडची, एक तिकडची.

अशा वेळी फांद्या फुटत जाणारं झाड काढून भागत नाही. फुटलेल्या दोन फांद्या पुन्हा एकत्र येऊन मिळतात असं जाळं काढावं लागतं. जाळ्यात अशा जोडण्या वाढवत गेलं की आकडे कसेही जुळवता येतात, म्हणून प्रत्येक जोडणीला दंड लावून बघायचं. क्रांतीने लावला. एक जोडणी दंड भरूनही टिकते, दुसरी टिकत नाही. अर्थ सरळ आहे. तुझी विष्णुपंती ही प्रजाती नाही. रानहळद आणि आंबेहळद यांची ती संकर संतती आहे, आणि तीही पहिल्याच पिढीतली.

मग तुझ्या छापील निबंधात इतकं सुबक झाड आलं कुठून, म्हणून मी तुझी मूळ माहिती उघडून बघितली. ज्या ज्या जनुकांनी आंबेहळदीचं नाव घेतलं ती तू 'दूषित' म्हणून गाळली आहेस. हरितलवकाची सगळी माहिती तू गाळलीस. हरितलवक झाडात फक्त आईकडून येतं. तेही पहिल्यापासून शेवटपर्यंत आंबेहळदीचं होतं.

चूक माणसाकडून होते रे. पण ही चाळणी लावून केलेली चूक आहे. 

चौथं प्रकरण राहू दे आणि सही कर.

सई


सांगली, ३ जुलै

दादा,

मला उत्तर दिलं नाहीस, क्रांतीला फोन केलास. चांगलंच आहे. माझ्यासमोर जे बोलायची छाती होत नाही ते तिच्यासमोर बोलवतं.

'नमुने तुझ्या हाताने दूषित झाले' असं म्हणालास. पुढे काय म्हणालास तेही तिने मला जसंच्या तसं सांगितलं: "सर म्हनले, प्रयोगशाळा म्हंजे तुमचं गुऱ्हाळ न्हवं, हात लावला की सगळं राड करून ठिवताय." सांगताना ती हसत होती. तिला हसता येतं याचं मला नवल वाटतं. मी त्या दिवशी जेवले नाही.

तुझ्या माहितीसाठी: पहिली पानं तूच तिला आणून दिली होतीस. या वेळी तिने स्वतः नवी पानं आणली, दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्यांच्या हातून सगळं पुन्हा करून घेतलं. उत्तर तेच आलं, अर्धं-अर्धं. ती काय म्हणाली तेही ऐक. "मॅडम, आमचं आप्पा कोइमतूरला गलाईचं दुकान चालवत्यात. सोनं आटवून त्यातलं हिणकस भाईर काढत्यात, पन काढल्यालं गिऱ्हाइकाला दावत्यात. सरांनी काढलं ते दावलं न्हाई, एवढंच माझं म्हननं हाय."

आता तुझा नवा मुद्दा. तू विद्यापीठाच्या संशोधन समितीला लेखी कळवलं आहेस की भैरोबाच्या पठारावर आंबेहळद उगवत नाही, कधीच उगवलेली नाही, ती परसात आणि शेतात लावायची गोष्ट आहे. जवळात जवळची बाग दहा-बारा किलोमीटरवर. मग संकर होणार कोणाशी? तेव्हा माहिती दूषित, विद्यार्थिनी निष्काळजी, आणि प्रबंध चौथ्या प्रकरणासह स्वीकारू नये. ऑगस्टमध्ये समिती बसेल. विरुद्ध निकाल लागला तर क्रांतीची नोंदणी जाईल आणि 'माहितीत भेसळ करणारी' हा शिक्का कपाळावर घेऊन ती घरी बसेल. सत्तावीस वर्षांची आहे ती.

मुद्दा बिनतोड आहे, हे मी कबूल करते. गणित मला एवढंच सांगतं की दोन फांद्या जुळल्या. कुठे जुळल्या, कोणाच्या कुंपणापाशी जुळल्या, हे गणितात नसतं. मी आणि क्रांती दोन रविवार त्या पठारावर फिरलो. आंबेहळदीचं एक पान दिसलं नाही. पण तुझी विष्णुपंती सगळीच्या सगळी एका ओट्याएवढ्या जागेभोवती उगवते. पठार केवढं अफाट, आणि ही प्रजाती एका अंगणाएवढी! हे तुला सहा वर्षांत कधी चमत्कारिक वाटलं नाही?

शेवटी तू लिहितोस, 'बाबांना या वयात हा धक्का द्यायचा का, याचा विचार कर.' चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला ढालीसारखं पुढे धरतोस. शी.

सई


सातारा, २१ जुलै

शौनक,

तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर बसून लिहिते आहे, बाबांच्या टेबलाशी. तुझ्याकडे येणार नाही. समोर आलास तर काय बोलेन, काय फेकून मारेन याची खात्री नाही.

मी बाबांना धक्का द्यायलाच आले होते. म्हटलं, समितीत परक्यांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, बाबा, तुमच्या नावाची हळद वेगळी प्रजाती नाही. रानहळद आणि आंबेहळद यांचा तो संकर आहे. फक्त आंबेहळद तिथे आली कशी ते कळत नाही.

बाबा बशीतला चहा प्यायचे थांबले. म्हणाले, "कळत नाही काय? मीच लावली की. शौनक होता बरोबर."

मला वाटलं, त्यांचा काहीतरी गोंधळ होतो आहे. गोंधळ नव्हता. आई गेली तेव्हाचं ते सांगत होते. "शकू गेली तो मे महिना. माहुलीला नदीत घोटाभर पाणी. तिला त्या चिखलात सोडायची होय? हल्ली लोक शेतात खड्डा काढून राख ठेवतात आणि वर झाड लावतात, आपणही तसंच करू म्हटलं. शेत आपल्याला नाही. तिला भैरोबाचं पठार आवडायचं. सांगलीहून माहेरच्या परसातली आंबेहळद आणून तिने इथे कुंडीत वाढवली होती, तीच वर लावली. खड्डा शौनकनंच काढला."

मी विचारलं, मग मला माहुली का सांगितलंत?

"शौनक म्हणाला, सईला सांगू नका, ती नाना प्रश्न काढेल. शास्त्राप्रमाणे झालं असं सांगू."

त्या सकाळी तुम्ही दोघं गेलात, आणि बायकांनी यायचं नसतं म्हणून मी मावश्यांबरोबर स्वयंपाकघरात पिठलं ढवळत होते. चौदा वर्षं, शौनक. दर वर्षी मे महिन्यात मी सांगलीहून येते, माहुलीला उतरते आणि पाण्यात फुलं सोडते. दोनदा तू बरोबर होतास. एकदा माझ्याकडे सुटे नव्हते म्हणून फुलवाल्याला पैसे तू दिलेस. घाटावर उभा राहिलास, डोळे मिटलेस. ते डोळे कोणासाठी मिटले होतेस, शौनक?

आणि मग सहा वर्षांपूर्वी तू त्याच जागी 'नवी' हळद शोधलीस! पठारावर नेमका तिथेच गेलास, कारण आई कुठे ठेवली आहे ते तुला माहीत होतं. कैरीचा वास आला, तेव्हा कोणाचा वास आहे हे तुला कळलं नाही असं म्हणू नकोस. लहानपणी गुडघा फुटला की तोच लेप लागायचा आपल्याला. हरितलवकात आईकडची साक्ष निघाली, ती तू गाळलीस. गड्ड्यांत निम्मी आई होती, तीही गाळलीस. आणि वर नाव दिलंस बाबांचं!

बाबांना मी एवढंच विचारलं, समितीपुढे हे सांगाल का?  ते म्हणाले, "शौनकचं काय होईल?" मी म्हटलं, नाचक्की होईल. कदाचित विभागप्रमुखपद जाईल. "आणि त्या मुलीचं, नाही सांगितलं तर?" मी ते सांगितलं. रात्री जेवले नाहीत, सकाळी पूजा झाल्यावर म्हणाले, "येतो मी. पण शौनकला आधी कळव. मुलगा आहे तो. स्वतःहून सांगायची त्याला संधी दे."

म्हणून हे पत्र. नाहीतर लिहिलं नसतं. बाबांनी दिलेली संधी आहे, घे.

सई


सांगली, १० ऑगस्ट

शौनक,

संधी तू घेतलीसच.

काल समितीपुढे बाबा उभे राहिले. खुर्ची दिली होती, तरी उभे राहिले, कारण त्यांनी आयुष्यभर शाळेत उभं राहूनच शास्त्र शिकवलं. सगळं सांगितलं. शब्द स्वच्छ होते. क्रांती शेजारी मान खाली घालून बसली होती. अध्यक्षांनी तुझ्याकडे पाहिलं.

आणि तू उठलास. चष्मा काढलास, पुसलास. "माझ्या वडिलांविषयी हे बोलताना यातना होतात," म्हणालास. "गेली दोन वर्षं त्यांची स्मृती साथ देत नाही. ते ऐकलेल्या गोष्टी स्वतःच्या म्हणून सांगतात. आईच्या अस्थी आम्ही माहुलीला विसर्जित केल्या, मी स्वतः तिथे होतो. माझ्या बहिणीने त्यांच्या अवस्थेचा असा उपयोग करावा, याचं वाईट वाटतं."

उत्तम जमलं तुला. मी तुझ्याकडे बघत नव्हते, मी बाबांकडे बघत होते. तू 'स्मृती' म्हणालास तेव्हा ते हळूच खाली बसले. इतक्या हळू, जणू खुर्ची आहे की नाही याचीही त्यांना खात्री राहिली नव्हती. मग वळून मला विचारलं, "सई, मी गेलो होतो ना गं पठारावर?"

मी लोकांविषयी वाईट बोलते, हे मला माहीत आहे. पण किळस या शब्दाचा अर्थ मला काल कळला. तू त्या माणसाचं नाव वापरलंस, वय वापरलंस, आणि ते पुरेना म्हणून त्याच्या डोक्यात हात घालून त्याची आठवणच त्याच्यापासून काढून घेऊ बघितलीस. तेही चार परक्या माणसांसमोर, रुमालाने चष्मा पुसत.

 परतीच्या वाटेवर क्रांती पेठ नाक्याला गाडीतून उतरताना बाबांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आजोबा, माझं ऱ्हाऊ द्या. मी चौथं प्रकरन काढून टाकते. सर सही करतील. तुमाला पुन्ना असं बोलून घ्याला लागाय नको." चार वर्षांपूर्वी याच मुलीने मला वर्गात सगळ्यांसमोर सुनावलं होतं, मॅडम, तुमचा पुरावा तिसऱ्या ओळीत लंगडतोय. तिला तू इथवर आणलंस.

बाबांनी तिला काय सांगितलं ते तुला कळायला हवं. "बाळ, काही काढू नकोस. खणायला लाव त्यांना."

मी आजच समितीला अर्ज दिला आहे. समितीतल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई स्वतः जागेवर यायला तयार आहेत. तुलाही कळवलं जाईल. ये. आईला उकरताना घरचं माणूस असावं.

सई


सातारा, २४ ऑगस्ट

शौनक,

तू आला नाहीस. ताप आल्याचं कळवलंस. म्हणून काय झालं ते लिहिते. हे माझं तुला शेवटचं पत्र.

ती जागा आता जोतीराम सुभेदारांच्या मालकीची आहे. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती घेतली. परवानगी मागायला गेलो तर म्हणाले, "खना की. आई हाय म्हंता, तर आमी कोन न्हाई म्हननार?" मग बाबांना खाट आणून दिली आणि तुझ्याविषयी सहज बोलावं तसं बोलले. "तुमचं थोरलं साहेब येऊन गेल्यात की हितं. आवं, त्येला दोन सालं झाली. कुदळ घिऊन आलंतं. म्हनले, भाईरची हळद हाय, रानात पसरंल, काढाय पायजे. पोतंभर गड्डं काढून गाडीत घालून न्हेलं. मी म्हनलं, लय कामाचा मानूस."

समितीच्या बाईंनी ते लिहून घेतलं. दोन वर्षांपूर्वी म्हणजे क्रांतीच्या पहिल्या जाळ्याचा आलेख तिने तुझ्या टेबलावर ठेवला त्यानंतर. पठारावर आंबेहळद कधीच नव्हती, हे तू समितीला लिहिलंस ती आंबेहळद स्वतःच्या गाडीत घालून नेल्यावर.

क्रांतीने आणि मी खुरप्यांनी माती काढली. कुदळ नको म्हणून बाबांनीच सांगितलं होतं. फार खोल जावं लागलं नाही. आधी आंबेहळदीचा एक जुना गड्डा निघाला, तुझ्या पोत्यातून राहिलेला, कोंब आलेला. बाईंनी तो पिशवीत घालून मोहोर लावली. त्याच्याखाली स्टीलचा डबा लागला. राख घरून ज्या डब्यातून नेली तो परत घरात आणायचा नसतो, म्हणून तुम्ही तसाच ठेवलात. हे बाबा विसरले होते, की तू विसरला होतास, मला माहीत नाही. क्रांतीने पदराने माती पुसली. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालतात तसं त्यावर टोच्याने घातलेलं होतं: 'चि. शकुंतला हिस आईकडून, सांगली, १९६८.'

बाईंनी हात जोडले. पुरावा म्हणून आणखी काही लागणार नाही, असं म्हणाल्या. प्रबंध चौथ्या प्रकरणासह जाईल आणि तुझ्या सहीशिवाय जाईल. विष्णुपंती हे नाव रद्द करण्याबद्दल त्या स्वतः लिहिणार आहेत. तुझ्याबद्दलही.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. डबा उचलला तेव्हा एका बाजूने राख गळायला लागली. झाकणाखाली पत्र्याला भोक पडलं होतं, कुदळीचं. बाबांनी त्यात बोट घालून पाहिलं. कडा आत वळलेल्या होत्या. म्हणजे दोन वर्षांपूर्वी गड्डे काढताना तुझी कुदळ डब्यावर बसली. पत्र्याचा आवाज तुला आला असणार. तू वाकून बघितलं असणार, नाव वाचलं असणार. आणि मग तू वर माती लोटलीस, पाय देऊन दाबलीस आणि पोतं उचलून निघालास.

 बाबांनी खिशातला रुमाल काढून भोकावर धरला आणि खाली उतरेपर्यंत तसाच धरून ठेवला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तिला माझ्यापाशी ठेवतो थोडे दिवस. तो आला तर दार उघडू नकोस."

सई